कान खांद्याच्या पुढे

३ जानेवारी, सोमवार

आज एकशे बारा मुलं. उंची, वजन, बसून उंची, आणि शेवटी तो कान. मोजता मोजता पाठ माझीच मोडली!

मोजणाऱ्या चौघी, चार वेगवेगळ्या शाळांत. मी धाकटीबरोबर. नऊ वर्षं माझ्या हाताखाली आहे, तरी कार्यालयात तिचं नाव धाकटीच. अलीकडे गुडघे गेल्यापासून आमची वाटणी ठरलेली – ती मोजणार, मी लिहिणार. गवंड्याचा ओळंबा घेऊन आम्ही पोरं मोजतो. दोरी खांद्याशी धरायची आणि कान दोरीच्या किती पुढे आलाय ते पट्टीने बघायचं. मूल जसं उभं राहील तसंच मोजायचं, हात लावायचा नाही. नियम मीच चौघींना वाचून दाखवले, दोनदा. लिहिणाऱ्याने मुलाकडे बघायचंही नाही, मुलं बुजतात म्हणून. त्यामुळे मी दिवसभर समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसते, शिक्षा झाल्यासारखी. मागून धाकटीचा आवाज येतो – पाच दोन, चार आठ, पाच सहा – आणि मी लिहीत जाते. संध्याकाळी घरी लेकीने काहीतरी विचारलं, तर मी म्हणाले, पाच चार. ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

एकतीस वर्षांपूर्वी ह्याच अकरा शाळा, हेच वर्ग. तेव्हा मी सव्वीसची. मोजणारी मी एकटी, दिवसाला दोनशे मुलं, आणि वर चालत घरी! त्या आकड्यांशी आताचे आकडे ताडून बघायचे, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप. मार्चअखेर मी निवृत्त. सुटले एकदाची.

५ जानेवारी, बुधवार

वजनकाटा तिसऱ्या मजल्यावर चढवला. मग कळलं, मुलं तळमजल्यावर बसवली आहेत.

७ जानेवारी, शुक्रवार

मुलं वाढलीत, ह्यात वाद नाही. सातवीतला एक जण त्याच्या बाईंच्या डोक्यावरून फळा वाचत होता. बाक मात्र तेच! मला ओळखू आले. खालच्या फळीवर कोरलेली नावं अजून तशीच आहेत. त्यांतली काही आता ह्याच पोरांच्या बापांची असतील. गुडघे आत मावत नाहीत म्हणून पोरं पाय बाहेर काढून तिरकी बसतात, आणि वही एवढी खाली की नाक टेकायचं बाकी. त्यांच्या बाई म्हणाल्या, सांगून सांगून तोंड दुखलं हो आमचं. माझंही दुखतं. घरी एक आहे ना तसलीच.

१० जानेवारी, सोमवार

आज शिडीची शाळा. शिडी म्हणजे माझी नात. वर्गातल्यांनी ठेवलेलं नाव, घरातही चिकटलं. तेरावं चालू आहे आणि आत्ताच आईपेक्षा वीतभर उंच. वर्षात अकरा सेंटिमीटर! घेतलेला कपडा धुऊन वाळेपर्यंत आखूड होतो.

आपल्या नात्यातलं मूल आपण मोजायचं नाही, लिहायचंही नाही. तिचा वर्ग आला तशी मी उठून शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले. अर्ध्या तासाने परत आले तर धाकटी नजर चुकवतेय. तक्ता ओढून घेतला. उंची एकशे अडुसष्ट. कान साडेसहा. वर्गात सगळ्यात पुढे.

धाकटी म्हणाली, बाई, घाबरली होती ती, मनावर घेऊ नका. मनावर काय घ्यायचं! रोज बघते ना घरी. पोक काढून बसते, पोक काढून जेवते, पोक काढून चालते. दिवसातून दहादा सांगते, सरळ बस. पालथ्या घड्यावर पाणी.

११ जानेवारी, मंगळवार

शिडी म्हणते पाठ दुखते. म्हटलं, पोक काढल्यावर दुखणार नाही तर काय होणार? सरळ बसलीस की थांबेल. लेक म्हणाली, आई, तू घरातसुद्धा ओळंबा घेऊन फिरतेस. तिचा बाप गेल्यापासून लेक जास्तच तिखट बोलते. खरं बोलते म्हणून लागतं.

१४ जानेवारी, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. बेरजा झाल्या. सरासरी उंची सात सेंटिमीटरने वाढली, वजन सहा किलोने. ते ठीकच. पण कान! एकतीस वर्षांपूर्वी सरासरी दोन सेंटिमीटर पुढे. आता पाच.

"पिढीच वाकली," साहेब म्हणाले. आणि इतके खुश, जणू ह्यांनीच वाकवली. शाळेत कधी पाय ठेवत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. त्यांचं म्हणणं असं – बाक तेच, वर्ग तेच, तास तेवढेच. तेव्हाची मुलं ह्याच बाकांवर बसून ताठ राहिली. म्हणजे दोष बाकांचा नाही, मुलांचा. आळस, मोबाइल, लाड. त्यावर उपाय पट्टा. ज्याचा कान साडेपाचच्या पुढे, त्याच्या पाठीला शाळेचे सगळे तास पट्टा, दोन वर्षं. अकराशे चाळीस मुलं निघाली. मुख्याध्यापकांची सभा झाली की हुकूम काढायचा.

यादी तयार आहे. शिडी तिसऱ्या पानावर.

ताठ पिढीचा पुरावा तुमच्या हातचा आहे बाई, म्हणाले. अहवालाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव घालणार आहेत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. यादीचं तिसरं पान हातात होतं तरीही बरं वाटलं.

१९ जानेवारी, बुधवार

नमुन्याचा पट्टा घरी आणला. जाड कापडाचा, दोन्ही काखांतून फिरवून मागे आवळायचा. दोन खांद्यांच्या मधे एक कडक पट्टी बसते. म्हटलं, शाळेत एकदम घालण्यापेक्षा घरी सवय होऊ दे. शिडीने घातला. लिहायला बसली तर हात वहीपर्यंत पोचेना. वीस मिनिटं काढली कशीबशी.

"आजी, हा घालून मी वर्गात जाणार नाही. आधीच शिडी म्हणतात."

मी म्हटलं, दोनच वर्षं गं. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं वाटतं ह्या वयात. दोनच वर्षं – तेरा ते पंधरा! माझी मला लाज वाटली, पण आकडे काही मी केलेले नाहीत. साडेसहा म्हणजे साडेसहा.

२४ जानेवारी, सोमवार

अहवालात घालायला जुने फोटो हवेत म्हणून तळघरातली खोकी काढली. तेव्हा दर शंभरातल्या एका मुलाचा, मोजता मोजताच, बाजूने फोटो काढायचे. चाळीस फोटो. धाकटीने ते टेबलावर ओळीत मांडले, बघत बसली, आणि हसत म्हणाली, बाई, ही चाळीसही पोरं एकाच आईची वाटतात, हनुवट्या बघा ना.

मीही हसले. मग बघितल्या. जाडी, बारकी, उंच, बुटकी – हनुवटी सगळ्यांची एकाच तऱ्हेने उचललेली. पुन्हा एकेक हातात घेऊन बघितला.

सत्तावीस नंबरच्या फोटोत, मुलाच्या पाठीशी, अगदी कडेला, एक हात आहे. पांढऱ्या डगल्याची बाही, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. घड्याळ असं घालणारी कार्यालयात मी एकटीच होते. अजूनही आहे.

फोटो गोळा केले, खोक्यात टाकले, खोकं बंद केलं. चहा प्यायले.

२५ जानेवारी, मंगळवार

आठवलं म्हणता येणार नाही, कारण विसरले कधी नव्हतेच. त्याचा अर्थ काल कळला.

जुने साहेब पहिल्या दिवशीच म्हणाले होते, जसं उभं राहील तसं मोजा, हात लावू नका. मी हो म्हटलं. आणि पहिलंच पोर समोर आलं – नाक वाहतंय, खांदे पडलेले, नजर जमिनीवर. माझा डावा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. तळवा दोन खांद्यांच्या मधे, दुसऱ्या हाताचं बोट हनुवटीखाली. "हं, असं." मग झटकन दोरी लावायची. फोटो काढायच्या आधी आई पोराचे केस सारखे करते ना, तसंच ते. कुणाचं लेकरू वाकडं लिहून ठेवायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. जुने साहेब टेबलाशी मान खाली घालून लिहायचे, नियमाप्रमाणे. त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. आता ते हयात नाहीत, नाहीतर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले असते.

चार हजार मुलं. चार हजार वेळा तो हात!

म्हणजे ते दोन सेंटिमीटर मुलांचे नव्हतेच. माझ्या हाताचे होते. हात काढून मोजलं असतं तर तीही पोरं पाचच्या आसपासच निघाली असती. ताठ पिढी वगैरे काही नव्हतीच. ह्याच बाकांवर तीही पोक काढून बसत होती, आणि मी त्यांना कागदावर सरळ करून ठेवलं. आणि आता त्या कागदावर अकराशे चाळीस पट्टे शिवले जाणार. त्यातला एक माझ्या घरात, खुंटीवर लटकतोय.

२८ जानेवारी, शुक्रवार

काहीही केलं नाही. आकडे लिहिले.

१ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. आज तीनदा. तिथे पाण्याचा नळ आहे म्हणून निभावलं. शिपाई म्हणाला, बाई, आज तहान फार लागलीय.

दोन महिने राहिले. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा, असं एक मन म्हणतं. नवीन आलेल्यांना अजून माझं ते सर्वेक्षण दाखवून शिकवतात. चार हजार मुलं, एका बाईने, एका वर्षात, एकही खाडाखोड नाही! मी कोण, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगते. ते काढून घेतलं तर माझ्यापाशी उरतात दोन गुडघे, तेही बिघडलेले.

दुसरं मन वाद घालत नाही. ते नुसतं यादीचं तिसरं पान काढून बसतं.

६ फेब्रुवारी, रविवार

जेवताना शिडीने विचारलं, आजी, तुझ्या वेळची मुलं खरंच एवढी ताठ होती?

मी म्हटलं, हो.

ती खांदे मागे ओढून बसली. चेहरा लाल, ओठ घट्ट मिटलेले. दोन मिनिटं टिकली, मग खांदे पडले आणि माझ्याकडे बघून सॉरी म्हणाली. मला सॉरी! ताट तसंच उचलून ठेवलं, म्हटलं भूक नाही.

९ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं एकदाचं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. फोटो बघितला, चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला.

"एका फोटोत एक हात दिसतो, बाई. त्यावरून तुम्ही चार हजार मुलं वाकवून टाकली?"

मी म्हटलं, लेखी देते. तर म्हणाले, नका देऊ, तुमचंच नाव खराब होईल, इतकी वर्षं सांभाळलंत ते जाता जाता कशाला. पट्ट्यांची मागणी गेलेली आहे, अठरा तारखेला सभा. तुम्ही थकलात, चार दिवस रजा घ्या. हे सगळं कळवळ्याने म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. वर निरोप समारंभाला फुलं कुठली हवीत तेही विचारलं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला सांगितलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती. वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. तर तिने शांतपणे बाही उलटी केली आणि म्हणाली, "आई, तुला बोलता कुठे येतं? तुला करता येतं. त्यांना करून दाखव."

इस्त्री झालेले कपडे मी घड्या घालून ठेवले.

१४ फेब्रुवारी, सोमवार

रजा घेतली नाही. साहेबांना वाटलं, मी गप्प बसले. वाटू दे.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आले आणि आधी हे लिहायला बसले.

सभेला अकरा मुख्याध्यापक, शाळांचे डॉक्टर, साहेब, आणि कोपऱ्यात पट्ट्यांची पहिली खोकी. मोजणी कशी होते ते बाई दाखवतील, असं पत्रिकेत महिनाभर आधीच छापलेलं. ते बदलायचं साहेबांच्या लक्षात राहिलं नसावं. किंवा वाटलं असेल, ही म्हातारी आता काय करणार. सातवीतला एक मुलगा आणून उभा केला होता. गुडघे टेकून बसले. दोन्ही गुडघे कडाडले, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल.

आधी हात न लावता मोजलं. सात. मोठ्याने सांगितलं. सात म्हणजे फारच, मला वाटलं एवढ्या माणसांत बुजला असेल. मग डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला, बोट हनुवटीखाली. चार. तेही सांगितलं.

"तीन सेंटिमीटर," मी म्हणाले. "तुमच्या दोन पिढ्यांत एवढंच अंतर आहे. ते मुलांचं नाही, माझ्या हाताचं आहे. मागच्या वेळी मी प्रत्येक मुलाला हात लावला होता."

मुलगा विचारत होता, मी जाऊ का?

मग डॉक्टर बोलले. हात लावल्यावर जे पोक जातं ते बसण्याच्या सवयीचं, म्हणाले. त्याला पट्टा कशाला, बाक बदला. हात लावूनही जे जात नाही ते मणक्यातलं, ते वेगळं. त्याला डॉक्टर लागतो, आणि लवकर लागतो. पण तशी मुलं हजारात दोन-चार. एका मुख्याध्यापिकेने विचारलं, बाक शेवटचे कधी बदलले होते? पट्ट्यांचा ठराव तिथेच बारगळला. बाकांची मापं घ्यायची आणि मुलांची पन्नासेक मापं पुन्हा तपासायची, असं ठरलं. साहेब माझ्याकडे न बघता निघून गेले.

धाकटी दाराशी उभी राहून रडत होती. हाक मारली तर पळालीच. माझ्यासाठी जीव तुटतो बिचारीचा.

२१ फेब्रुवारी, सोमवार

शिडीने पट्ट्याची घडी घातली, खोक्यात कोंबला, खोक्याला चार वेढे चिकटपट्टी लावली आणि घरभर नाचली. आजी, तू भारी आहेस, म्हणाली. एकतीस वर्षांत ह्या घरात मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

साहेब बोलत नाहीत. निरोप समारंभ नाही म्हणे. नकोच होता. (खोटं. थोडा हवा होता.)

झोप मात्र छान लागली, महिन्याने.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

बाकांची मापं. शिडीच्या वर्गातल्या बाकावर मी स्वतः बसून बघितलं आणि अडकले! दोन पोरींनी ओढून बाहेर काढलं. अख्खा वर्ग खिदळला, मीही हसले. फळी आणि बसायची जागा ह्यांत जेवढं अंतर हवं त्याच्या पाऊणच आहे. मुलांनी पोक काढलं नाही तर करावं काय?

संध्याकाळी शिडी पुन्हा पाठ दुखते म्हणाली. ह्या वेळी रागावले नाही. म्हटलं, तुझं चुकत नाही गं, बाकाचं चुकतं. नवे आले की थांबेल.

२८ फेब्रुवारी, सोमवार

आज ती पन्नास मापं पुन्हा घ्यायची होती. लिहायला दुसरी बसली, म्हणून मी रिकामी, दाराशी उभी. पहिल्यांदाच धाकटीकडे तोंड करून.

पहिलं मूल आलं. धाकटीचा डावा हात त्याच्या पाठीवर गेला. तळवा दोन खांद्यांच्या मधे, बोट हनुवटीखाली. "हं, असं." शब्दसुद्धा माझेच! मग तिने मला पाहिलं, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

बाहेर नेऊन विचारलं. नियम वाचून दाखवला होता ना? दोनदा? ती हो म्हणाली.

"नियम ऐकला, बाई. पण मोजायला शिकलो ते तुमच्या हाताकडे बघून."

शाळांतल्या दरवर्षीच्या उंची-वजनाच्या तपासणीला मी प्रत्येक पोराला तसा हात लावायचे. तिथे चालतं, कान मोजायचा नसतो. नऊ वर्षं ती शेजारी उभी राहून तेच बघत होती, बाकीच्या तिघीही. चौघींनी सगळ्या सर्वेक्षणात हात लावला, लावतोय हेही न कळता. सभेत माझं ऐकलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दहा दिवस सांगायचा धीर झाला नाही. म्हणून रडत होती ती. आणि मी समजत होते, माझ्यासाठी!

तेव्हाही हात, आताही हात. तेव्हा हात लावून दोन, आता हात लावून पाच. मग फरक खराच की! मुलं खरंच वाकलीत. हात न लावता मोजली तर आठच्या घरात जातील. सभेतल्या त्या पोराचे सात, तो बुजला वगैरे काही नव्हता. साहेबांचा आकडा बरोबर होता, आणि मी अकरा मुख्याध्यापकांसमोर त्यांना खोटं पाडलं. बाक बदलायला हवेत ते हवेतच, पण उद्या पुन्हा त्या दारात जाऊन उभं राहायचं आहे. फार थकले. रडूही येत नाही.

१ मार्च, मंगळवार

साहेबांकडे निघाले होते. पायात चपला घातल्या आणि एकदम सुचलं. तिथूनच धाकटीला फोन केला. शिडीला मोजलंस तेव्हा हात लावला होतास?

"लावला होता, बाई. तुमची नात म्हणून दोनदा लावला."

दोनदा हात लावून साडेसहा. हात लावूनही जात नाही ते.

गेलेच नाही कार्यालयात. डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतली. शिडी शाळेतून आली, दप्तर टाकलं, बसली. आज सरळ बस म्हणाले नाही. म्हटलं, कुठे दुखतं ते दाखव मला. तिने हात मागे नेला आणि न शोधता एका जागी बोट ठेवलं. कधीपासून, विचारलं.

"आजी, मी सांगत होते ना."